नाशिकचा माल

पारनेर तालुक्यातल्या कुठल्याही गावच्या देवळात गेलात तर देवाच्या पाया पडून झाल्यावर भिंतीवरची संगमरवरी पाटी जरूर वाचा. सभामंडपाला कोणी किती दिले याची ती यादी असते आणि प्रत्येक नावापुढं ठिकाण असतं: घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड, ठाणे. मध्य रेल्वेची स्लो लोकल जिथं थांबते ती जवळपास सगळी स्टेशनं आमच्या खंडोबाला पाठ आहेत. देवळातले पंखेसुद्धा दान आलेले. पात्यांवर दात्याचं नाव रंगवलेलं असतं, पण पंखा फिरत असला की ते वाचता येत नाही. वीज गेली की येतं. आमच्याकडं वीज नेमानं जात असल्यामुळं भांडुप पश्चिमेतल्या कितीतरी मंडळींची नावं मला बाराखडीच्या आधी पाठ झाली.

घरोघरची माणसं मुंबईला असण्याचं कारण पावसात आहे. ढग कोकणात आणि माळशेजला सगळं सांडून येतात. घाट चढून कान्हूरच्या पठारावर पोचेपर्यंत त्यांच्यात फक्त गडगडाट उरलेला असतो. म्हणून बाजरी, मटकी, वाटाणा, कांदा आणि घरटी एक माणूस मुंबईला, अशी आमची पीकपद्धत. आजोबांच्या पिढीचा माणूस गिरणीत, गोदीत नाहीतर माथाडीत असायचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो संपला असं कोणी रीतसर जाहीर केलंच नाही. गिरण्या गेल्या, माणसं पाठवायची सवय राहिली. आता गळ्यात कंपनीचं ओळखपत्र लटकवणारी आमची पिढी जाते. माळशेजमार्गे कल्याण-नगर रेल्वेची मागणी फार जुनी आहे, त्यामुळं आम्ही एसटीनंच जातो आणि आळेफाट्याला वडापाव खातो.

जिल्हा आमचा नगर, क्षेत्रफळानं महाराष्ट्रात सर्वांत मोठा, १७,०४८ चौरस किलोमीटर. त्यातून शहरात जायच्याही तऱ्हा दोन. नगर-श्रीगोंद्याची पोरं पुण्याला जातात आणि शनिवारी धुण्याची पिशवी घेऊन परत येतात. पारनेर-संगमनेर-अकोल्याची मुंबईला जातात आणि जत्रेला येतात. श्रीरामपूरचा झहीर खान इंजिनिअरिंग सोडून मुंबईला गेला आणि भारताचा गोलंदाज झाला, हे उदाहरण मात्र जिल्ह्यातला कुठलाही बाप आपल्या मुलाला देत नाही. मी इंजिनिअरिंग पूर्ण करून गेलो.

आता माझ्या मुंबईतल्या खोलीचं. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली आणि मे २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू केली. मधल्या काळात आमच्या घरात कोणाचंच काही ठरत नव्हतं. बहिणीचं लग्न, ठिबकच्या नळ्या, माझं मुंबईतलं डिपॉझिट, सगळं दिल्लीच्या एका अधिसूचनेवर अडकून बसलेलं. बंदी उठल्यावर चाळीतला कांदा बाहेर निघाला आणि त्याच्या मागोमाग मी निघालो.

घाटकोपर पूर्वेला ब्रोकर भेटला. त्यानं पहिला प्रश्न विचारला तो नावाचा नव्हता. ‘व्हेज की नॉनव्हेज?’ म्हटलं, घरात माळ आहे, तीन पिढ्यांची. तो खुलला. आमच्या बाजार समितीत कांद्याचं वक्कल ओतलं की मोठा, मध्यम, गोल्टी, चिंगळी अशी प्रतवारी होते. मुंबईत भाडेकरूची तशीच होते. शाकाहारी कुटुंब हा एक नंबरचा माल, मांसाहारी कुटुंब मध्यम, शाकाहारी बॅचलर गोल्टी, आणि मासे खाणारा बॅचलर म्हणजे चिंगळी, त्याला बोली लागतच नाही. माझी गोल्टी निदान टोपलीत तरी पडली होती. मग दुसरा प्रश्न आला. ‘प्याज-लसून?’

घरमालक सज्जन होते. त्यांनी ताक दिलं, बेटा म्हणाले, आणि हात जोडून सांगितलं की आमच्या घरात कांदा येत नाही, बाकी काही अडचण नाही. मी जिन्यात उभा राहून वडिलांना, म्हणजे आबांना, फोन लावला.

‘कांदा चालत नाही म्हणे घरात.’

पलीकडं शांतता. ‘चातुर्मासात?’

‘वर्षभर.’

‘त्यांना म्हणावं, तुम्ही खात नाही म्हणून तर भाव पडतोय.’

आबांच्या बोलण्यात राग नव्हता, हिशेब होता. त्या इमारतीत घरं किती, प्रत्येक घरात माणसं किती, महिन्याला किती किलो लागला असता, हे सगळं त्यांनी तिथंच विचारून घेतलं. एकट्या त्या सोसायटीमुळं आमचं किती नुकसान होतंय हे कळल्यावर तिथं राहणं बरं दिसलं नसतं.

मग पश्चिमेला, असल्फ्याच्या टेकडीवर खोली मिळाली. कांदाचाळीला सरकारी अनुदान हवं असेल तर ती जमिनीपासून उंच पाहिजे, दोन्ही बाजूंना फटी पाहिजेत, आरपार वारा खेळला पाहिजे, मालाचा थर ठरावीक उंचीच्या वर जाता कामा नये. असल्फ्यातल्या खोलीला यातला एकही नियम लागू नाही. तिला एक खिडकी आहे आणि ती शेजाऱ्यांच्या खिडकीत उघडते. त्यांनी टीव्ही लावला की आम्ही लावत नाही. मी आबांना फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘यात माल सडंल.’

मालाचे एकूण नग चार. एक दरभंग्याचा, एक त्रिशूरचा, एक गुहागरचा आणि मी. नावं आहेत सगळ्यांना, पण ती भाडेकरारावर. खोलीत आम्ही एकमेकांना गावाच्याच नावानं हाक मारतो. ‘दरभंगा, बादली भर.’ ‘पारनेर, तुझा फोन वाजतोय.’

इतक्या भाषांच्या माणसांत कसं राहतोस, असं गावाकडचे मित्र विचारतात. नगरच्या माणसानं हा प्रश्न विचारूच नये. हिंदुस्थानातली सगळ्यांत गाजलेली सामायिक खोली आमच्या भुईकोट किल्ल्यात होती. ऑगस्ट १९४२ मध्ये इंग्रजांनी जवळपास अख्खी काँग्रेस कार्यकारिणी उचलली आणि नगरला आणून ठेवली. अलाहाबादचे नेहरू, गुजरातचे वल्लभभाई, कुमाऊंचे गोविंद वल्लभ पंत, सिंधचे कृपलानी, आंध्रचे पट्टाभि सीतारामय्या, ओडिशाचे हरेकृष्ण महताब, बंगालचे प्रफुल्लचंद्र घोष, कलकत्त्याचे मौलाना आझाद, आणि पहारेकऱ्यांची भाषा समजणारे शंकरराव देव. ब्रोकर नाही, डिपॉझिट नाही, आणि मुदत अकरा महिन्यांपेक्षा बरीच जास्त. नेहरू मार्च १९४५ पर्यंत तिथं होते. त्यांनी तिथं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. शाळेत असताना मला वाटायचं, तुरुंगात बसून एवढा मोठा देश कसा काय सापडला असेल? असल्फ्याला आल्यावर उलगडा झाला. आठ-नऊ प्रांतांतली माणसं एका भिंतीआड कोंडा आणि स्वयंपाकघर एकच ठेवा. भारत सापडतोच. नाही सापडला तर तो सकाळी तुमची टूथपेस्ट वापरत असतो.

मौलाना आझाद त्याच किल्ल्यात पहाटे उठून स्वतःच्या हातानं बिनदुधाचा चहा करून घेत. चहात दूध घालणाऱ्यांबद्दलचं त्यांचं मत ‘गुबार-ए-खातिर’मध्ये आहे आणि ते चांगलं नाही. हे मत पोटात ठेवून ते दूधवाल्यांच्या सोबतीनं अडीच वर्षांहून जास्त राहिले, याबद्दल त्यांना मी मानतो. आमच्या खोलीतला त्रिशूर मौलानांच्या पक्षाचा: काळा चहा, वर लिंबू. दरभंग्याचा चहा दुधातच सुरू होतो आणि आलं घालून इतका उकळतो की चमचा उभा राहावा. गुहागरला गवती चहा लागतो. मला गुळाचा. शेगडी एक. त्यामुळं सकाळी आमच्याकडं चार पातेली रांगेत उभी असतात आणि पहिलं पातेलं कोणाचं हा प्रश्न ज्याला ऑफिसला सर्वांत उशीर झाला आहे त्याच्या बाजूनं सुटतो. म्हणजे रोज माझ्या.

भांडण मात्र त्रिशूरशी झालं नाही, दरभंग्याशीही नाही. झालं ते गुहागरशी. परप्रांतातल्या माणसाशी आपण समजून घेऊन वागतो. आपल्याच भाषेतल्या माणसाला काय म्हणून समजून घ्यायचं? विषय शेंगदाण्याच्या कुटाचा. आमच्याकडं कोशिंबिरीत कूट, आमटीत कूट, वांग्यात कूट, आणि काही नसेल तर नुसता कूट, तिखट-मीठ लावून, भाकरीशी. गुहागरला हे रानटीपणाचं वाटतं. त्याच्या मते ती सगळी जागा ओल्या नारळाची आहे आणि आम्ही ती बळकावली आहे. ‘तुम्ही शिऱ्यातपण घालाल,’ असं तो म्हणाला. (अजून घातलेला नाही.) नारळाचा प्रश्न निघताच त्रिशूरनं गुहागरला पाठिंबा दिला आणि सह्याद्रीच्या पश्चिमेची युती झाली. दरभंगा तटस्थ राहिला, कारण त्याचं सगळं राजकारण मोहरीच्या तेलाभोवती फिरतं.

आईनं एसटीच्या पार्सलनं मासवडी पाठवली, तेव्हा मात्र चौघंही एक झालो होतो. मासवडी येणार म्हटल्यावर त्रिशूर आणि दरभंगा, दोघंही जातिवंत मासेखाऊ, दुपारपासून जेवले नाहीत. डबा उघडला. बेसनाच्या पोळीत तीळ, सुकं खोबरं आणि कांदा-लसणाचं सारण, कापून लावलेल्या वड्या, सोबत काळ्या मसाल्याचा रस्सा. त्रिशूरनं एक वडी उलटीसुलटी करून पाहिली आणि काटे काढून टाकलेत का, असं विचारलं. तीन पिढ्यांची माळ असलेल्या घरात मासा म्हणजे एवढंच, हे मी समजावलं. तो बराच वेळ वडीकडं बघत राहिला. दरभंगा मोठा सभ्य मुलगा. त्यानं रश्श्यात बुडवून खाल्ली आणि म्हणाला, ‘मछली का थोड़ा स्वाद तो है.’

त्रिशूरची खरी परीक्षा पुढं होती. आम्ही त्याला घाटकोपरच्या खाऊगल्लीत नेलं. तिथला जिनी डोसा प्रसिद्ध आहे: तव्यावरच्या डोशावर लोणी, शेजवान चटणी, कोबी, सिमला मिरची आणि वर किसलेल्या चीजचा डोंगर, मग त्याच्या सुरळ्या करून उभ्या मांडतात. तव्यामागचा माणूस प्रतापगडचा, खाणारे बहुतेक गुजराती, पैसे घेणारा मंगळुरी. त्रिशूर हात मागं बांधून सगळा विधी बघत होता. त्याच्या गावी जे पहाटे, आंघोळ करून, केळीच्या पानावर खातात त्याचं हे काय झालं? शेवटी त्यानं एक सुरळी खाल्ली. मग दुसरी. ‘हे डोसा नाही,’ तो गंभीरपणे म्हणाला, ‘पण आणखी एक सांग.’

त्याच रात्री आईचा फोन आला. ‘चीज कशाला खातोस? पचत नाही तुला.’

इथं मंडळाची ओळख करून द्यायला हवी. मुंबईला आलो की आपल्याला कोणी ओळखणार नाही, ही प्रत्येक खेड्यातल्या पोराची गोड आशा असते. पारनेरच्या पोरानं ती बाळगू नये. आमच्या गावाचं मुंबईत मंडळ आहे, मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात असा एकही नाका नाही जिथं आमच्या वरच्या आळीचा कोणीतरी रिक्षात, दुकानात किंवा बँकेच्या रांगेत नाही. गावात मी पारावर बसून विडी ओढली असती तर आईला संध्याकाळपर्यंत कळलं असतं. मुंबईत ती बातमी लाइव्ह लोकेशनसकट जाते.

मंडळाची बैठक रविवारी भांडुपला असते. नवीन पोरगा आला की त्याला मधोमध बसवतात. नोकरी काय, पगार किती हे कोणी विचारत नाही. ते आधीच माहीत असतं. प्रश्न एकच: ‘कोणाचा रे तू?’ वडिलांचं नाव सांगितलं की ‘मळ्यातल्यांचा का?’ आणि मग आजोबांनी १९७२ च्या दुष्काळात कोणाकडून किती पायली बाजरी नेली होती इथपर्यंत उजळणी होते. ती परत केली आहे, हे मी आता तोंडपाठ केलंय. मग जत्रेची पट्टी. मग खरा वाद: तमाशा आणायचा की कीर्तन ठेवायचं, आणि तमाशा आणायचा तर नारायणगावच्या राहुट्यांवर सुपारी द्यायला कोणी जायचं. जायला सगळेच तयार असतात. कुस्त्यांच्या हगाम्याला बक्षीस किती, यावर एकदा दोन सख्ख्या भावांमध्ये प्रत्यक्ष हगामा होता होता राहिला.

मला वाटायचं हे आमचंच खूळ. पण दरभंग्याचंही मंडळ निघालं. छठच्या आधी तो रोज संध्याकाळी गायब होतो आणि जुहूच्या वाळूत कोणत्या जिल्ह्यानं कुठं उभं राहायचं याच्या वाटाघाटी करून येतो. त्रिशूरच्या समाजममध्ये ओणमच्या पानावर कुठला पदार्थ कुठल्या कोपऱ्यात वाढायचा यावर मतभेद आहेत. गुहागरला गणपतीचं तिकीट काढायचं असतं. पूर्वी कोकण रेल्वेचं आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांवर आलं. त्यानं झोप उडण्याचा मोसम बदलला, बाकी तिकीट मिळत नाही ते नाहीच. चार जण चार गावांतून आलो ते जग बघायला, आणि रविवारी चौघंही आंघोळ करून आपापल्या गावाला जातो. ती गावं भांडुप, जुहू, चेंबूर अशी जवळच आहेत एवढाच काय तो फरक.

लोकल गाडीबद्दल मी काही लिहिणार नाही. तिच्यावर पुष्कळ लिहून झालंय, आणि ज्याला ती खरोखर पकडायची असते त्याचा लिहायचा हात मोकळा नसतो. दादरचं मात्र सांगतो. मंडळाच्या सत्यनारायणाची फुलं आणायला मला एका काकांबरोबर पहाटे दादर पश्चिमेच्या फूलबाजारात पाठवलं होतं. बाजार आहे सेनापती बापट मार्गावर. सेनापती बापट आमच्या पारनेरचे, जन्म १८८०. शिकायला एडिंबरोला गेले, तिथून पॅरिसला जाऊन रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची विद्या घेऊन आले. परक्या शहरात गेलेल्या पारनेरच्या पोरानं खोली आणि खाणावळ सोडून दुसरं काही शोधल्याचं हे पहिलं उदाहरण असावं. पुढं मुळशीच्या सत्याग्रहात त्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध लढा दिला. धरण झालं, वीज मुंबईला आली, आणि मुंबईनं त्या विजेचे दिवे लावलेल्या एका रस्त्याला त्यांचंच नाव दिलं. अजूनही त्या रस्त्याला लोक तुलसी पाईप रोडच म्हणतात. माणूस पारनेरचा, पाटी त्याची, आणि तोंडात नाव पाइपाचं. राळेगणचे अण्णा हजारे लष्करात जायच्या आधी इथंच दादरला फुलं विकायचे. काकांनी हे सगळं मला झेंडूचा भाव करता करता सांगितलं, आणि विक्रेत्यालाही सांगितलं, दोन रुपये कमी होतील या आशेनं. झाले नाहीत. विक्रेता म्हणाला, मग अण्णांकडूनच घ्या.

राहता राहिला आमच्या नाक्यावरचा भाजीवाला, जौनपूरचा. त्याचं माझं बिनसलं ते एका वाक्यावरून. कांदा कुठला, असं मी सहज विचारलं.

‘नासिक का माल है.’

‘नगर का नहीं?’

‘कौन सा नगर? पंत नगर?’

अहो, नगर, पारनेर, घोडेगावच्या बाजारातून ट्रकच्या ट्रक भरून कांदा निघतो. लासलगावचं नाव मोठं, मान्य आहे. पण म्हणून मुंबईच्या प्रत्येक हातगाडीवरचा प्रत्येक कांदा नाशिकचा? २०२४ मध्ये आमच्या जिल्ह्याचं नाव बदलून अहिल्यानगर झालं, तेही मी त्याला सांगून पाहिलं. म्हणाला, ‘अच्छा, वो भी नासिक के पास ही होगा.’ रोज संध्याकाळी मेट्रोतून उतरलो की मी त्याच्यासमोर उभा राहून जिल्ह्याची बाजू मांडायचो आणि तो रोज मला नाशिकचा माल चाळीस रुपये किलोनं तोलून द्यायचा. तोच कांदा आबांनी समितीत चौदानं घातलेला असायचा. दरभंगा म्हणायचा, ‘छोड़ ना पारनेर. हमारा मखाना भी सब पटना का बोलते हैं.’

परवा विक्रोळीला भावकीतलं लग्न होतं म्हणून आबा आले आणि रात्री खोलीवर राहिले. तिघांनी त्यांची बडदास्त ठेवली; त्रिशूरनं काळा चहा दिला आणि आबांनी औषध म्हणून तो प्यायला. संध्याकाळी मी त्यांना मुद्दाम नाक्यावर नेलं. म्हटलं, आता बघू.

आबांनी ढिगातला एक कांदा उचलला. अंगठ्यानं मान दाबली, नखानं पापुद्रा सोलला, वास घेतला आणि परत ठेवला.

‘हा नाशिकचा नाही.’

मी भाजीवाल्याकडं विजयानं पाहिलं. ‘आपला आहे ना, आबा?’

‘आपला बी नाही. मध्य प्रदेशाचा आहे.’

भाजीवाला आमच्याकडं बघतच राहिला. मग इतके महिने माझ्याशी वाद घालणारा तो माणूस आबांपुढं हात जोडून म्हणाला, ‘चाचा, इंदौर का है. लेकिन इंदौर बोलूँगा तो लेगा कौन?’

आबांनी त्याला मराठीत विचारलं, वाशीला केवढ्यानं घेतला? त्यानं हिंदीत सांगितलं. मग दोघांनी मिळून भाडं काढलं, हमाली काढली, तोलाई काढली, गोणीमागची घट काढली आणि व्यापारी चोर आहेत इथपर्यंत येऊन थांबले. दुभाषा म्हणून मी मध्ये उभा होतो, पण मला कोणी काही विचारलं नाही. निघताना ज्यांनी जन्मात कधी कांदा विकत घेतला नव्हता त्या माझ्या वडिलांनी अर्धा किलो तोलायला सांगितला. इंदूरवाले बियाणं कुठलं वापरतात ते कापून बघायचं होतं म्हणे. आणि तोही किलोमागं पाच रुपयांनी भाव पाडून.